जोडीणीची वही

"आजी, आईनं माझ्या पिशवीत दगड घातलाय," जुईनं तक्रार केली.

"दगड नाही गं, गोटा. एवढासा," मी म्हटलं.

"एवढासा असला तरी दगडच ना? आणि रंगपेटी राहिली घरी. रंगपेटीचं कुणी विचारत नाही, सारखं वही, वही."

"तुज्या रंगपेटीला घिऊन देव काय करल?" आत्या म्हणाल्या आणि तिची सुटलेली रिबीन तिथंच पायरीवर उभ्या उभ्या बांधायला लागल्या. मग पिशवीत हात घालून डब्याखालचं, कपड्यांखालचं लाल बोचकं त्यांनी चाचपलं. शिवणीवरून अंगठा फिरवला. "कुमे, तुजी शिवण बगत ऱ्हावी. मुंगीलाबी वाट न्हाई."

कराडच्या घाटावरचं दत्ताचं देऊळ, कार्तिकातला दुसरा शनिवार, सकाळचे दहा. जुई तेव्हा आठ वर्षांची होती. आता ती सव्वीसची आहे आणि मी हे प्रथमच कागदावर आणते आहे. पहिल्यांदा म्हणजे, सलग असं पहिल्यांदा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई निकम. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. घटस्फोट होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे कायद्यानं त्या माझ्या कुणीच नव्हत्या, पण तोंडाला दुसरा शब्द येत नव्हता. जुई माझ्याकडे राहायची. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तिच्या बाबांकडे. मुलीची देवघेव 'तटस्थ ठिकाणी' व्हावी असं कोर्टाच्या कागदात होतं. जुईचे बाबा म्हणाले होते, एसटी स्टँड. आत्या म्हणाल्या, पोर काय पार्सल हाय? देवळाच्या पायऱ्या ठरल्या. पहिल्या महिन्यात ते स्वतः आले, नंतर कधीच नाही. न्यायला आत्या, आणून सोडायला आत्या.

वहीचं सांगायला हवं. आमच्या देवळात बायकांचा नामलेखनाचा नेम होता. सकाळी आंघोळ झाली की कुणाशीही बोलायच्या आधी वहीत एकशे आठ वेळा दत्ताचं नाव लिहायचं. पानाच्या तळाशी दोन बोटं जागा सोडायची. दिवेलागणीला त्या जागेत आपली त्या दिवसाची एक चूक लिहायची. दुसऱ्याची नाही, आपलीच. वही भरली की ती लाल कापडात घालायची, बुडावी म्हणून सोबत नदीतला एक गोटा ठेवायचा आणि चारी बाजूंनी शिवून टाकायची. दत्तजयंतीला सगळ्या वह्या होडीतून संगमावर जायच्या. पण स्वतःची वही स्वतः देवळात न्यायची नाही, ती जोडीणीनं न्यायची. प्रत्येकीला एक जोडीण ठरलेली असे. "आपलं पाप आपुनच मिरवत न्हेलं, की त्येचाबी ताठा येतो," असं आत्या सांगायच्या. आणि जोडीणीची वही उघडायची नाही, हे तर सांगायचीही गरज नव्हती.

लग्न होऊन आले तेव्हा हा नेम मला आत्यांनी दिला आणि जोडीणही त्याच झाल्या. घटस्फोटानंतर मी विचारलं होतं, आता दुसरी जोडीण बघू का. त्या चिडल्या. "कोर्टानं नवरा सोडवला तुजा. जोडी देवानं लावलीया, ती कोन सोडवनार?"

म्हणून दर तीन महिन्यांनी माझी वही जुईच्या पिशवीतून तिकडे जायची आणि आत्यांची त्याच पिशवीतून माझ्याकडे यायची.

"चला," आत्या म्हणाल्या. "उद्या पाचला सोडते. दुपारी झोप जरा, डोळं बग कसं झाल्यात."

जुईनं वळून हात केला. त्या हाताच्या मनगटावर गुलाबी चट्टा होता, श्रावणातला. बराच फिका झाला होता.

*

बारा दिवसांनी वाचनालयात माझ्या नावाचं रजिस्टर पोस्टाचं पाकीट आलं. मी गावातल्या वाचनालयात कामाला होते, देवघेवीच्या खिडकीवर बसायचं आणि उरलेल्या वेळात फाटकी पुस्तकं शिवायची. सुई खाली ठेवून मी पाकीट फोडलं. जुईचा ताबा वडिलांकडे द्यावा असा अर्ज होता. अर्जासोबत काय जोडलंय ते पाहिलंच नाही. हाताला खळ लागली होती, तशीच वकीलबाईंकडे गेले.

रुक्साना मुल्ला माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला तिखट. घटस्फोटाचं काम त्यांनीच पाहिलं होतं.

"अर्जदाराचं पूर्ण नाव सांगा."

"जुईचे बाबा."

"कुमुदताई, दोन वर्षं झाली. आता तरी नाव घ्या. उखाणा नको, नुसतं नाव."

"तिथं लिहिलंय ना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कागद चाळू लागल्या. चाळता चाळता थांबल्या. एक झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. एकशे आठ ओळी, आणि तळाच्या दोन बोटं जागेत लाल पेनानं कुणीतरी चौकोन काढला होता.

त्यांनीच वाचलं. "'श्रावण, तिसरा गुरुवार. आज जुईचा हात भाजला. मी पोथी वाचत होते. तिची हाक ऐकली. अध्यायाच्या सात ओव्या राहिल्या होत्या. त्या वाचून उठले.'"

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"नीट बघून सांगा. झेरॉक्स आहे. खात्री नाही म्हणालात, तर मला भांडायला जागा आहे."

"माझंच आहे."

"सात ओव्या म्हणजे किती वेळ?"

"मिनिटभर. त्याहून कमीच असेल."

"मग तसं लिहायचं! मिनिटभरात धावले, कशानं भाजलं, दवाखान्यात नेलं. नेलंत ना दवाखान्यात?"

"उचलून नेलं. रिक्षा मिळेना म्हणून पळत नेलं."

"ते कुठं लिहिलंय?"

"ती चूक नव्हती," मी म्हटलं. "त्या जागेत फक्त चूक लिहायची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वही तिकडे गेलीच कशी, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, जोडीण, लाल कापड, गोटा.

"म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा तुम्ही दर तीन महिन्यांनी शिवून, सामनेवाल्याच्या घरी पाठवत होतात. तोही पोरीच्या हातानं."

"देवाला पाठवत होते."

"देवाच्या पत्त्यावर गेला नाही तो."

मी घरी आले. जुई ओट्यावर बसून कणकेचा उंदीर करत होती. मी तिच्याकडे पाठ करून भाजी चिरली. माझ्या डोळ्यांपुढे शिवण येत होती, माझी बारीक टाक्यांची शिवण, आणि तिच्यावरून फिरणारा आत्यांचा अंगठा. कुठून कापावी ते बघत होत्या का त्या तेव्हा? नऊ वर्षं मी त्या बाईला सगळं दिलं होतं. आई लहानपणी गेली होती माझी. पाळी चुकली तेव्हा नवऱ्याच्या आधी मी ते आत्यांना सांगितलं होतं.

त्या दिवशीच्या दोन बोटं जागेत काय लिहावं ते सुचेना. 'माणूस ओळखायला चुकले' असं लिहिलं आणि मग वाटलं, हे आता कोण वाचणार.

*

चौथ्या शनिवारी मी जुईला घेऊन पायऱ्यांवर उभी होते. आत्या वर चढून आल्या, पण नेहमीसारख्या बोलत आल्या नाहीत.

"जुई, आत जाऊन घंटा वाजवून ये," मी म्हटलं.

"किती वेळा?"

"वाजव. मोजू नको."

ती पळाली. मी हळूच विचारलं, "आत्या, माझी वही कुठाय?"

त्यांनी नदीकडे पाहिलं. "गेली."

"कुठं गेली?"

"कुमे, पोरगी यील आता."

"तुम्ही उसवलीत. तुम्ही स्वतः. जुईच्या बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, नेमाचं त्यांना काय कळतंय. तुम्ही उसवून हातात दिलीत."

त्या नुसता पदर पुन्हा पुन्हा खांद्यावर ओढत राहिल्या. आतून घंटेचा गजर सुरू झाला आणि पुजारीकाका ओरडले, "अगं ए, देव बहिरा नाही!"

मी आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. जुईचा हात त्यांच्या हातात दिला आणि घरी आले.

रविवारी पाचला त्या तिला घेऊन आल्या. पिशवी माझ्याकडे देताना म्हणाल्या, "माजी वही हाय तळाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे.

"कुमे," त्या म्हणाल्या, "न्हेशील नव्हं?"

मी पिशवी खांद्याला लावली. त्या उतरून गेल्या. दोन पायऱ्यांवर थांबल्या, वळल्या, पिशवीकडे पाहिलं आणि तशाच पुढं गेल्या.

घरी येऊन पिशवी उपसली. आत्यांची वही हलकी लागली. लाल कापड होतं, पण आत गोटा नव्हता. तीन बाजू शिवलेल्या होत्या आणि चौथी तशीच मोकळी, पाकिटासारखी. आतल्या वहीची निळी कड दिसत होती. मला राग आला. माझी वही फोडली ती फोडली, आणि वर आपली धड शिवायचीही तसदी घेतली नाही. माझ्या नेमाची एवढीच किंमत राहिली होती त्यांना, असं वाटलं.

ते बोचकं मी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि त्यावर तेलाची बाटली ठेवली.

*

तारखेला आम्ही पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. न्यायाधीश साहेबांनी जुईला आत चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. वीस मिनिटं ती आत होती. मी बाहेर बाकावर दत्ताचं नाव घेत बसले होते. समोरच्या बाकावर तिचे बाबा फोनवर गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलत होते.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून जुई पेरू खात होती.

"साहेब चांगले आहेत. त्यांनी मला चॉकलेट दिलं. मी म्हटलं, आज गुरुवार आहे, आईचा उपास आहे, तिच्यासमोर खाणार नाही."

"मग?"

"मग हसले. मग विचारलं, हात कसा भाजला. मी म्हटलं, दूध गरम करत होते. मग विचारलं, आई कुठं होती?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आई देवाजवळ होती." तिनं पेरूची बी खिडकीबाहेर थुंकली. "मग ते किती तरी वेळ लिहीतच बसले."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. ती खरंच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी बोलावलं. या वेळी त्यांचा आवाज तिखट नव्हता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"कुमुदताई, आपली बाजू कच्ची आहे. लेखी कबुली तुमची, आणि पोरगीही तेच बोलली. समोरच्याबद्दल माझ्याकडे काही नाही. पगार चांगला, घर मोठं, घरात आजी. त्यांनी अर्जात लिहिलंय, आजीच्या देखरेखीत मुलगी वाढेल. साहेबांना ते पटलेलं दिसतंय. तुमच्याकडे काही आहे का? पत्र, चिठ्ठी, काहीही?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आत्यांची वही आहे."

त्या खुर्चीतून पुढे सरकल्या. "त्यातही रोजची चूक लिहिलेली?"

"असणार."

"त्या घरातल्या बाईनं, रोजची, स्वतःच्या हातानं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "उघडा."

"नाही."

"त्यांनी तुमची उघडली."

"त्यांनी उघडली."

"ताई, माझ्या आईनं तापानं फणफणत असतानाही रोजा सोडला नाही. तुमच्यासारख्या बायका मी घरात बघितल्यात, मला शिकवू नका. पण तो ताप तिचा होता. हे पोर आहे. नेम मोडल्याचं पाप माझ्या माथी घाला, मी इथं बसून उघडते, तुम्ही बाहेर जाऊन बसा."

मी खरंच विचार केला. देवाशप्पथ केला. त्या रात्री नाही, तिथंच, त्या खुर्चीत बसून. आणि मला दिसलं ते हे, की उद्या मीही आत्यांसारखीच पायरीवर उभी राहीन, नदीकडे बघत, पदर ओढत. माझं सगळं गेलं होतं, नवरा, घर, आईच्या जागचं माणूस. एक हा नेम मी कुणाला मोडू दिला नव्हता. तो गेला तर जुईला वाढवायला माझ्यापाशी उरतं काय, असं मला वाटलं. जुईच उरणार नाही, हे मात्र तेव्हा मनात आलं नाही. देव सांभाळून घेईल अशी माझी खात्री होती. खात्री म्हणजे, सौदाच म्हणा. मी तुझं राखते, तू माझं राख.

"नको," मी म्हटलं.

वकीलबाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि फाइल बंद केली.

घरी आले तेव्हा ऊन होतं. तेलाची बाटली उचलून बोचकं काढलं. मोकळ्या बाजूत नुसतं बोट घातलं असतं तरी वही बाहेर आली असती. मी नदीवर जाऊन चपटा गोटा आणला, धुतला, डोळे मिटून आत सरकवला आणि दारात उजेडाला बसून ती बाजू शिवायला घेतली. वाचनालयातला मेणाचा दोरा वापरला, दुहेरी. एक टाका पुढे, एक मागे, पुस्तकाला घालतात तसा. आत्यांच्या तीन बाजूंपेक्षा माझी चौथी बाजू मजबूत झाली.

जुई शाळेतून आली. "आजीची वही तू का शिवतेस?"

"आजीला दिसत नाही नीट."

"दिसतं की. परवा तिनं माझ्या फ्रॉकला बटण लावलं. सुईत दोरासुद्धा तिनंच ओवला."

मी दोरा दातानं तोडला आणि तिला हातपाय धुवायला पाठवलं.

*

दत्तजयंतीला दोन होड्या निघाल्या. प्रत्येकीनं आपल्या जोडीणीची वही आपल्या हातानं सोडायची. आत्या आल्या नव्हत्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण कुणी विचारलं नाही. दोन्ही नद्यांचं पाणी मिळतं तिथं होडी थांबली. मी बोचकं कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडलं. लाल रंग क्षणभर दिसला, मग नाही. मला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. त्या दिवसाच्या दोन बोटं जागेत तो लिहायला हवा होता, लिहिला नाही.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. जुईचा ताबा वडिलांकडे. आईला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी मुलीला नेता येईल.

जुईचे बाबा त्यांच्या वकिलांचा हात हातात घेऊन हसत होते. मी भिंतीला धरून उभी होते. कुणीतरी माझं कोपर ओढलं. आत्या होत्या. त्यांनी मला जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाजवळ नेलं.

"वाचली न्हाईस तू?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटल्यासारखा झाला होता.

"काय?"

"माजी वही. वाचली न्हाईस?"

"जोडीणीची वही कुणी वाचतं का?"

"अगं, उघडी ठिवली व्हती की तुज्यासाठी! एक बाजू मोकळी सोडली, गोटाबी घातला न्हाई. तुला कळंना व्हय?"

त्या माझ्या आणखी जवळ आल्या.

"मला म्हनला, आई, जुई तुज्याजवळ ऱ्हाईल, तुज्या मांडीवर. त्या लोभानं म्या तुजी वही फोडली. चार दिसांनी नव्या सुनबाईला सांगत व्हता, आता जिच्याशी लगीन ठरलंय तिला. पोरगी घरात नगो म्हनली ती, लगीन ठरायच्या आधीच म्हनली. मग हा म्हनला, घरात कोन ठिवतंय, जूनला पाचगणीच्या शाळंत घालतो, वसतिगृहात. मला निस्तं कुमुदला दावायचंय, ती न् तिचा देव काय करत्यात त्ये. ह्ये समदं लिवलं म्या. तारखंवार लिवलं. म्या ऐकलं आन् गप बसले, ही माजी चूक, म्हनून लिवलं."

"तोंडानं का नाही सांगितलंत? साहेबांना? मला?"

"त्येच्या घरात खाते मी, कुमे. तोंडानं कसं बोलू? पोटचा हाय." त्यांनी माझा हात धरला. "लिवलेलं तू दावलं असतंस तर म्या नाकारलं नसतं. दत्ताची आन, म्हनले असते, अक्षर माजं हाय. तू तुजं कबूल केलंस तसं. जा, आन ती वही. अजून काय व्हत असंल तर बग, तुजी वकीलीण हुशार हाय."

"मी शिवली ती," मी म्हटलं.

"शिवली तर उसव की."

"आत्या, परवा दत्तजयंती झाली."

मग त्या तिथंच खाली, पिंपाच्या ओल्या फरशीवर बसल्या.

"तुम्हीच शिकवलंत मला," मी म्हटलं. इतकंच म्हटलं. त्याच्यापुढं काही बोलले असते तर ओरडले असते आणि मला ते येत नाही.

"शिकवलं," त्या म्हणाल्या. "पर म्या तुजी फोडली व्हती नव्हं? मला वाटलं, आता तूबी फोडशील. मानूस हायेस."

वरून त्यांच्या मुलानं हाक मारली. "आई, कुठं गेलीस? जुईचं सामान केव्हा आणायचं ते विचार." त्या भिंतीला धरून उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या.

*

जूनमध्ये जुई पाचगणीला गेली. तिथं महिन्यातल्या एका रविवारी दोन तास भेट, तीही शाळेच्या अर्जात नाव असलेल्या पालकाची. माझं नाव घालून घ्यायला वर्ष गेलं. पहिल्या भेटीत ती माझ्या शेजारी बसली, मांडीवर नाही. मी नेलेले लाडू तिनं मुलींना वाटले. जाताना एकच विचारलं, "तू कोर्टात काहीच का नाही बोललीस?" मी म्हटलं, मोठी झालीस की सांगेन.

आत्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत त्यांनी निरोप पाठवला होता, मी जाऊन पाय चेपून आले. वहीचं दोघींनी काढलं नाही.

जुई आता पुण्यात नोकरी करते. अठराची झाल्यापासून येते माझ्याकडे, आपण होऊन. गंमत म्हणजे अजूनही दुसऱ्या शनिवारीच येते आणि रविवारी पाचला निघते. मनगटावरचा चट्टा ऊन लागलं की अजून गुलाबी होतो. ती माझ्याशी चांगलं वागते. औषधं आणते, फोनमध्ये बिल भरायचं शिकवते. तो प्रश्न मात्र पुन्हा विचारत नाही आणि मी सांगितलेलं नाही. कितीदा तोंडापर्यंत आणलं. तोंडानं होत नाही.

नेम चालू आहे. एकशे आठ नावं, खाली दोन बोटं जागा. त्या जागेत मी सगळं लिहिलंय, सात ओव्या, मेणाचा दोरा, होडीतला तो अभिमान, देवाशी केलेला सौदा, तारीखवार. पण कोर्टातून आले त्या दिवसापासून जोडीण केली नाही आणि एकही वही शिवली नाही. लाल कापडाचा तागा तसाच आहे. वह्या कपाटात मधल्या फळीवर उघड्या ठेवलेल्या असतात. कपाटाला कुलूप नाही. जुईचे टॉवेल मी मुद्दाम त्याच फळीवर ठेवते, वह्यांच्या मागे.

गेल्या शनिवारी आंघोळीला जाताना तिनं टॉवेल ओढला आणि वरची वही खाली पडली. पडली ती उघडूनच, पालथी नाही, उताणी. मी दारात तांदूळ निवडत होते. माझा हात सुपातच राहिला.

जुई वाकली. वही बंद केली. पदर नव्हता म्हणून ओढणीनं धूळ पुसली, कपाळाला लावली आणि जिथली तिथं, कडेला कड जुळवून ठेवून दिली.

"पाय लागणार होता गं," ती म्हणाली. "तुझ्या देवाची आहे ना?"

"हो," मी म्हटलं.